१९६६ च्या एमजीबीचा डिस्ट्रिब्युटर घरच्या घरी बदलताना

रेडिंगकर

नमस्कार. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. माझ्याकडे १९६६ सालची, कापडी टपाची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. इंजिन मूळचे १७९८ सीसीचे, पाच बेअरिंगांचे असून डिस्ट्रिब्युटर, म्हणजे चारही प्लगना पाळीपाळीने स्पार्क पोहोचवणारा भाग, लुकास कंपनीचा २५डी४ आहे. गाडीची वायरिंग अजून कारखान्यातून आली तशीच, म्हणजे बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेली, आहे आणि ती मला तशीच ठेवायची आहे.

गेल्या उन्हाळ्यापासून गाडी मिसिंग मारते. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की नीट पळते, पण सपाट रस्त्यावर हलक्या पायाने चालवत असताना मधूनच झटके देते. टायमिंग, म्हणजे पिस्टनच्या मानाने स्पार्क कधी पडतो ते, दाखवणारा टायमिंग लाइट लावून पाहिला, तर नुसत्या आयडलिंगलाही पुलीची खूण एका जागी स्थिर राहत नाही. चार-पाच अंश मागेपुढे होते. प्लग, वायरी, कॅप आणि कंडेन्सर बदलून झाले. कॅपच्या आत फिरून स्पार्क वाटणारा रोटरही नवा घातला होता; पण दोनशे मैलांच्या आत तो रस्त्यातच निकामी झाला. उलटा करून पाहिला तेव्हा पितळी पट्टीच्या रिव्हेटपासून आतल्या भोकापर्यंत केसाएवढी काळी रेघ गेलेली दिसली, म्हणजे स्पार्क प्लगकडे जाण्याऐवजी प्लास्टिकमधून सरळ स्पिंडलमध्ये उतरत होता. जुना रोटर परत बसवल्यावर गाडी घरी आली, पण मूळचे मिसिंग तसेच राहिले.

आता पूर्ण डिस्ट्रिब्युटरच बदलावा असे वाटते. पॉइंटवाला (उघडझाप करून प्रवाह तोडणाऱ्या संपर्कांचा) घ्यावा की इलेक्ट्रॉनिक, आणि जुना काढताना टायमिंग हरवू नये म्हणून नेमके काय करावे? या वर्षाच्या इंजिनात टायमिंगच्या खुणा पुलीच्या खालच्या बाजूला आहेत. तिथे नजर पोहोचवणे मला फार अवघड जाते. ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उद्यमनगरी

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पस्तीस वर्षे गॅरेज चालवले. एमजीबी मी कधी उघडलेली नाही; पण तुमचे इंजिन माझ्या चांगल्या ओळखीचे आहे, कारण आपल्या अँबॅसिडरचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन त्याच ब्रिटिश बीएमसी कंपनीच्या बी-सिरीज घराण्यातले होते. फायरिंग ऑर्डर (सिलिंडरांत स्पार्क पडण्याचा क्रम) तीच १-३-४-२, रोटर तसाच घड्याळाच्या उलट दिशेने फिरणारा. त्यामुळे हाताच्या सवयीने जे आठवते ते लिहितो.

नवा डिस्ट्रिब्युटर मागवण्यापूर्वी जुन्याची परीक्षा घ्या, कारण तुम्ही सांगितलेली दोन लक्षणे मला दोन वेगळ्या दोषांची वाटतात. हलक्या पायाने चालवताना व्हॅक्यूम ॲडव्हान्स, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या ओढीने स्पार्क लवकर पाडणारी रचना, सर्वांत जास्त काम करतो. तो पॉइंटची प्लेट खेचतो, आणि त्या प्लेटला अर्थ करणारी (म्हणजे बॉडीशी जोडणारी) सुती वेष्टनाची बारीक वायर दर वेळी थोडी वाकते. वर्षानुवर्षे वाकून तिच्या आतली तार तुटते, पण वेष्टन शाबूत असल्याने ती वरून अखंडच दिसते. कार्ब्युरेटरवरून येणारी व्हॅक्यूमची नळी काढा, तिचे तोंड बंद करा आणि त्याच रस्त्यावर गाडी चालवून पाहा. झटके थांबले तर ती वायर किंवा व्हॅक्यूमचा पडदा खराब आहे असे धरून चाला.

आयडलिंगला खूण नाचते तो दोष वेगळा आहे. कॅप काढा, रोटर उचला आणि स्पिंडल बोटांनी आडवा हलवून पाहा. मग इंजिन हाताने फिरवत कॅमच्या चारही टोकांवर फिलर गेजने पॉइंटचा गॅप मोजा. गॅप १४ ते १६ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, असायला हवा आणि चारही ठिकाणी जवळजवळ सारखा भरायला हवा. एका टोकावर पंधरा आणि दुसऱ्यावर अकरा भरला, तर स्पिंडलला आधार देणारा बुश झिजला आहे, आणि मग पॉइंट कितीही जपून लावले तरी टायमिंग स्थिर राहणार नाही. तेव्हा बुश नवा घालून घेणे किंवा डिस्ट्रिब्युटर बदलणे हे दोनच मार्ग उरतात.

बदलायचे ठरले तर सगळा वेळ काढण्याआधीच्या तयारीला द्या. चारही प्लग काढा म्हणजे इंजिन हलके फिरते. एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून इंजिन त्याच्या चालण्याच्या दिशेनेच फिरवा. हवा अंगठा ढकलू लागली की तो पिस्टन कॉम्प्रेशनवर वर येतो आहे. अँबॅसिडरला आम्ही समोरून हँडल मारत होतो. तुमच्या गाडीला ती सोय नाही, म्हणून टॉप गिअरमध्ये टाकून गाडी इंच-इंच पुढे ढकला किंवा पुलीच्या नटाला पाना लावा. खूण पुढे निघून गेली तर नुसती मागे आणून थांबू नका. पाव फेरा मागे नेऊन पुन्हा पुढे आणा, नाहीतर टायमिंग चेन आणि गिअरमधला ढिलेपणा मापात शिरतो.

आता रोटरचे तोंड जिकडे आहे तिथे डिस्ट्रिब्युटरच्या कडेवर आणि समोर ब्लॉकवर रंगाची खूण करा, फोटो काढा आणि वायरींना चिकटपट्टीने क्रमांक लावा. त्यानंतर क्लॅम्पची प्लेट ब्लॉकला धरणारे दोन छोटे बोल्ट काढले की डिस्ट्रिब्युटर सरळ वर येतो. त्याच्या खालचा ड्राइव्ह मात्र बाहेर ओढू नका. त्याची खाच मध्यापासून सरकलेली असल्याने डिस्ट्रिब्युटर एकाच स्थितीत बसतो. तो ड्राइव्ह जागचा हलला नाही तर तुमचे निम्मे काम सुरक्षित राहते.

बसवताना क्लॅम्पचा बोल्ट अंग लावून आवळू नका, प्लेट वाकते. डिस्ट्रिब्युटर हाताने फिरू नये, एवढाच घट्ट पुरे.

अनघा, लीड्स

काकांनी जे लिहिले आहे त्यात मी विजेच्या बाजूची भर घालते, कारण माझी १९६७ ची एमजीबी जीटीही पॉझिटिव्ह अर्थचीच आहे.

पॉइंटवाल्या डिस्ट्रिब्युटरला अर्थ कोणत्या टोकाचा आहे याने काहीच फरक पडत नाही. पॉइंटच्या जागी बसणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलला मात्र पडतो: निगेटिव्ह अर्थसाठी केलेले मॉड्यूल तुमच्या गाडीत जोडून चावी फिरवली की ते त्याच क्षणी जळू शकते. पॉझिटिव्ह अर्थची मॉड्यूल्स मिळतात, पण ती स्पष्टपणे तशी म्हणून विकली जात असतील तरच घ्या. तुमच्या टॅकोमीटरचाही विचार करा. या वर्षांतला टॅकोमीटर कॉइलकडे (बॅटरीच्या विजेपासून स्पार्कचा उच्च दाब तयार करणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या प्रवाहावरून इंजिनाचा वेग मोजतो, आणि काही इलेक्ट्रॉनिक संच लावल्यावर त्याचा काटा भरकटतो. गाडी मूळ रूपात ठेवायची असेल तर माझे मत स्वच्छ पॉइंटच्या बाजूने आहे. पॉइंट रस्त्याच्या कडेला उभे राहून दुरुस्त करता येतात. मॉड्यूल येत नाही.

कॉइलवर जुन्या पद्धतीने एसडब्ल्यू आणि सीबी लिहिलेले असेल तर सीबी डिस्ट्रिब्युटरकडे जाते. मध्ये कोणी अधिक-उण्याच्या खुणांची नवी कॉइल बसवली असेल, तर पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत अधिकचे टोक डिस्ट्रिब्युटरकडे हवे. उलटे जोडले तरी गाडी चालू होते, म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षे लपून राहते. पण स्पार्क दुबळा पडतो.

आणखी एक गोष्ट पैसे देण्याआधी विचारा. तुमच्या इंजिनाच्या मूळ डिस्ट्रिब्युटरवर ४०८९७ हा क्रमांक असायला हवा. तो बाहेरच्या बाजूवर ठोकलेला असतो. त्याच्या आतली वजने आणि स्प्रिंगा या इंजिनासाठी ठरवलेल्या आहेत, म्हणजे वेग वाढत जाईल तसे टायमिंग किती पुढे सरकावे हे त्यांच्यावर ठरते. बाजारात नवा म्हणून मिळणारा डिस्ट्रिब्युटर पुष्कळदा अनेक गाड्यांना चालेल असा मोघम केलेला असतो. म्हणून मी माझा जुनाच बुश बदलून घेतला. त्या कामाला तीन आठवडे लागले, पण गाडीचा पिकअप पूर्वीसारखा राहिला.

खालच्या खुणांसाठी पुढची बाजू जॅकवर उचलून स्टँडवर ठेवा; नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. पुलीच्या काठावरची खाच वायर ब्रशने साफ करून तिच्यात पांढरा रंग भरा. टायमिंग कव्हरवर तीन टोके आहेत: सर्वांत लांब ते शून्य, उरलेली दोन ५ आणि १० अंशांची. इंजिन बंद असताना तुम्हाला १० अंश हवे आहेत, म्हणजे खाच शून्यापासून सर्वांत दूरच्या टोकासमोर आणायची.

मग १२ व्होल्टचा छोटा दिवा डिस्ट्रिब्युटरच्या लो-टेन्शन टोकाला (कॉइलची बारीक वायर येते त्या टोकाला) आणि बॉडीला जोडा आणि इग्निशन चालू करा. डिस्ट्रिब्युटर आधी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून दिवा विझवा आणि नंतर अगदी सावकाश घड्याळाच्या दिशेने फिरवत राहा. दिवा ज्या क्षणी लागतो त्या क्षणी पॉइंट उघडलेले असतात. तिथेच क्लॅम्प आवळा. व्हॅक्यूमच्या बाजूची दातेरी चकती मात्र हे सगळे करण्यापूर्वी मध्यावर आणून ठेवा, म्हणजे नंतर बारीक फेरफाराला दोन्हीकडे जागा राहते. तिचे अकरा टिकटिक म्हणजे साधारण एक अंश.

रेडिंगकर

काका, अनघाताई, दोघांचे मनापासून आभार. तुम्ही सांगितलेल्या क्रमानेच गेलो.

व्हॅक्यूमची नळी बंद करून गाडी चालवली, तर झटके जवळजवळ नाहीसे झाले. घरी येऊन प्लेटची ती वायर चिमट्याने हलकेच ओढली तेव्हा वेष्टन रबरासारखे ताणले गेले. आत तार राहिलेलीच नव्हती. गॅप मात्र चार टोकांवर १६, १५, ११ आणि १२ थाऊ भरला, म्हणजे बुशही गेलेला होता. क्रमांक ४०८९७ च निघाला. म्हणून नवा न घेता तोच दुरुस्तीला दिला. बुश, अर्थची वायर आणि व्हॅक्यूमचा पडदा नवा होऊन तो चार आठवड्यांनी परत आला. रोटर या वेळी रिव्हेट नसलेला घेतला.

काम शनिवारी सकाळी सुरू केले. सीटमागच्या दोन्ही सहा व्होल्टच्या बॅटऱ्यांची जोडणी आधी सोडली आणि दिव्याने टायमिंग लावण्याच्या वेळीच परत जोडली. एकच अडचण आली. डिस्ट्रिब्युटर खाचेत बसला असे वाटत होते, पण प्लेट ब्लॉकपासून तीन-चार मिलिमीटर वरच राहत होती. बोल्टने ओढून बसवण्याचा मोह झाला, पण तसे न करता वरून हलका दाब देत रोटर थोडा फिरवला. तेव्हा खट् असा आवाज आला आणि तो पूर्ण खाली गेला. टायमिंग लाइटखाली ६०० आरपीएमला खूण १४ अंशांवर आली आणि तिथेच उभी राहिली. मॅन्युअलमध्येही हाच आकडा दिलेला आहे.

आता पुढची काळजी कशी घ्यावी तेवढे सांगा.

उद्यमनगरी

बोल्टने ओढला नाहीत हे फार चांगले केलेत. तसे केल्याने ड्राइव्हची जीभ तुटलेली मी पाहिली आहे.

नव्या पॉइंटची टाच पहिल्या काही शे मैलांत कॅमवर घासून बसते. ती झिजली की गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे पडते. म्हणून पाचशे मैलांनी गॅप पुन्हा मोजा, तो आधी दुरुस्त करा आणि त्यानंतरच टायमिंग तपासा; हा क्रम उलटा केला तर दोन्ही कामे पुन्हा करावी लागतात. कॅमला काडीच्या टोकावर मावेल एवढेच ग्रीस लावा, रोटर काढून स्पिंडलच्या माथ्यावर तेलाचे दोन थेंब सोडा आणि पॉइंटच्या तोंडावर त्यातले काही गेले असेल तर पेट्रोलात भिजवलेल्या स्वच्छ कापडाने पुसून घ्या.