अमृतसर: आईला घेऊन दोनच दिवस, वाघा की घुमान? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही परभणीचे. फेब्रुवारीत आईला (वय ७१) अमृतसरला न्यायचं ठरलंय, सोबत मी, नवरा आणि १२ वर्षांचा मुलगा. सचखंड एक्सप्रेसनं जाणार, ती दुसऱ्या दिवशी रात्री पोचवते, परतीचं बघता हातात पूर्ण दिवस दोनच उरतात आणि तिथंच गाडं अडलंय.

आईचं माहेर नांदेड, गुरुद्वाऱ्यापासून चालत पाच मिनिटांवर. लहानपणी शाळा सुटली की मैत्रिणींसोबत लंगरला जाऊन बसायची. एक हात पुढे केला की वाढणारे बाबाजी थांबायचे, दोन्ही हातांची ओंजळ केली की मगच रोटी पडायची. आजही घरात मी पोळी वाढायला गेले की तिचे दोन्ही हात आपोआप वर येतात. हरमंदिर साहिब म्हणजे सुवर्णमंदिर बघायचं तेव्हापासून मनात आहे, पण संसारात राहूनच गेलं. आता एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा कुरकुरतोय, शुगर पण आहे, त्यामुळे आत्ता नाही नेलं तर परत जमेल असं वाटत नाही.

त्यात ती माळकरी. नामदेव महाराज पंजाबात जिथं राहिले त्या घुमानला २०१५ ला साहित्य संमेलन झालं तेव्हाचं पेपरातलं कात्रण तिनं अजून हरिपाठाच्या पुस्तकात जपून ठेवलंय. नामदेव महाराजांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत, म्हणजे लहानपणी आपण ज्याच्यापुढे डोकं टेकवत होतो त्यातच आपले नामदेव होते हे तिला तेव्हा कळलं, आणि त्या दिवशी ती किती वेळ नुसती बसून होती. तेव्हा घुमान बघायचंच म्हणतीय. इकडे मुलाला वाघा बॉर्डरची परेड बघायचीय, त्याचं गेल्या वर्षापासून चाललंय. जालियनवाला बाग तर आम्हा सगळ्यांनाच बघायचीय.

तर सांगा, हे सगळं दोन दिवसांत बसेल का? आईला रांगेत किती वेळ उभं राहावं लागेल, थंडीत संगमरवरावर अनवाणी चालायचं तर मोजे चालतात का? आणि राहायला सराईचं बुकिंग कसं करायचं, कारण मागे एका दुसऱ्या तीर्थक्षेत्री धर्मशाळेच्या नावानं ऍडव्हान्स घेतला आणि नंतर फोनच बंद, त्यामुळे आता धास्ती बसलीय.

प्रतिसाद

ताई, मिस्टरांच्या पोस्टिंगमुळे आम्ही तीन वर्षं अमृतसरला होतो. आईंना नक्की न्या. मोजे चालत नाहीत, जोडाघरात चपलांसोबत काढून ठेवावे लागतात, डोकं झाकायचं आणि दारातल्या पाण्यात पाय धुऊन मग आत. थंडीत परिक्रमेत चटया अंथरतात, त्यांच्यावरूनच चालवा, शुगर आहे म्हणताय तर बाहेर आल्यावर पाय कोरडे करून नीट बघा. व्हीलचेअर मिळते, सेवादारांना सांगायला अजिबात संकोच करू नका. लंगरात माझ्या सासूबाईंना खाली बसता येईना तर एका सेवादारांनी न मागता स्टूल आणून दिलं होतं.

रांग मोठी असते, शनिवार-रविवारी तर दोन-तीन तास पण लागतात, म्हणून मधला वार घ्या आणि पहाटे जा. आणि एक करा, रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास पालखी निघते, गुरु ग्रंथ साहिब हरमंदिर साहिबातून समोरच्या अकाल तख्त या इमारतीत नेतात, ते परिक्रमेत थांबून बघता येतं, त्याला आतली रांग लागत नाही. वेळ ऋतूप्रमाणे बदलते, तिथंच विचारून घ्या. सराईसाठी शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीची स्वतःची साईट आहे, दुसरीकडे कुठंही पैसे भरू नका, आणि लिफ्टचं आधी विचारा.

वाघ्याचं म्हणाल तर मे २०२५ पासून परेडच्या वेळी गेट उघडत नाहीत आणि दोन्हीकडच्या जवानांचं हस्तांदोलन पण बंद आहे, मुलाला आधीच सांगून ठेवा म्हणजे तिथं हिरमोड नको. स्टेडियमच्या पायऱ्या, गर्दी, तासन्‌तास बसणं, आईंना हे झेपणार नाही. अटारी, म्हणजे वाघा बॉर्डरची आपल्याकडची बाजू, अमृतसरच्या पश्चिमेला आणि घुमान गुरदासपूर जिल्ह्यात, अगदी उलट्या दिशेला, तेव्हा दोन्ही एका दिवसात कोंबू नका. पहिल्या दिवशी पहाटे दर्शन, मग जालियनवाला बाग, ती तिथून चालत अगदी जवळ आहे. दुपारी आई खोलीवर आडव्या होतील तेव्हा बापलेकांना अटारीला पाठवा, रात्री सगळे पालखीला. दुसरा अख्खा दिवस घुमानचा, गाडी ठरवून सकाळीच निघा. फाळणी म्युझियम पण फार चांगलं आहे पण या खेपेला सोडा.

बागेत शिरायची गल्ली किती अरुंद आहे ते मुलाला मुद्दाम दाखवा, १३ एप्रिल १९१९ ला लोकांना बाहेर का पडता आलं नाही ते तिथं उभं राहिलं की कळतं. भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा आणि विहीर पण.

धागाकर्ती

ताई, किती आभार मानू, हे आत्ताच आईला वाचून दाखवलं. पालखी म्हटल्यावर एकदम उठून बसली. तिचा एक प्रश्न आहे, घुमानच्या गुरुद्वाऱ्यात तिला नामदेव महाराजांचा एक अभंग म्हणायचाय, हळू आवाजात, मराठीतूनच, कुणाला वावगं तर वाटणार नाही ना?

प्रतिसाद

अहो नाही वाटणार. कीर्तन चालू असेल तर ते संपेपर्यंत थांबा आणि मग म्हणू द्या. महाराष्ट्रातून आलोय म्हटलं की तिथली माणसं फार मायेनं विचारपूस करतात, आम्हाला चहा घेतल्याशिवाय सोडलं नव्हतं. आणि सचखंडमध्ये वाटेत स्टेशनांवर लंगर देतात, ताट-वाटी सोबत ठेवा, तिथं पण आईंचे दोन्ही हात पुढे येतीलच.