तिसरी-चौथीला मागावरचं विणकाम शिकवायचंय, सल्ला हवा

खडूफळा
माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिसरी-चौथी एकाच वर्गात बसतात. कार्यानुभवाच्या तासाला विणकाम घ्यायचंय, सुयांवरचं नाही, मागावरचं. घोटीव कागदाच्या चटया मुलांनी दुसरीत केल्यात, त्यामुळे 'एक वर, एक खाली' हे कळतं. पुठ्ठ्यावर लोकर गुंडाळून थोड्या मुलांना देऊन बघितलं, तर पुठ्ठा वाकतो आणि पट्टी मधे आवळून डमरू होतो. तास 35 मिनिटांचा, खर्चाला पैसे जवळपास नाहीत. टकळीही (हाताने फिरवून सूत कातायची चाती) घ्यावी का?

नागमोडी
ताई, उभ्या धाग्याला लोकर नकोच, ती रबरासारखी लांबते. किराणावाला पुड्या बांधायला वापरतो तो पांढरा सुती दोरा घ्या. नायलॉन घसरतो. मांजा तर मुळीच नको, बोटं कापतील.

पुठ्ठा खोक्याचा घ्या आणि त्याच्या आतल्या पन्हळी उभ्या दोऱ्याच्या दिशेने येतील असा कापा, मग वाकत नाही. 12 बाय 18 सेंटिमीटर पुरे. वर-खाली एकेक सेंटिमीटरवर खाचा. आखणी चौथीच्या मुलांना पट्टीने करू द्या, कापायच्या मात्र तुम्ही. दोरा पुढून-मागून पूर्ण गुंडाळायचा.

आता डमरू. मूल आडवा धागा पलीकडे नेतं आणि वर एक हिसका देतं, तिथेच कड आत येते. धागा सरळ न ठेवता डोंगरासारखा उंच ठेवायचा, मग जुन्या कंगव्याने मधून सुरुवात करून खाली बसवायचा. त्या डोंगरातला जास्तीचा धागा वर-खाली जाण्यात खर्च होतो, कडेला ओढ बसत नाही. मी वर्गात 'डोंगर, मग कंगवा' असं मोठ्याने म्हणूनच करून घेते. तरी ओढणारी मुलं असतातच. त्यांच्या मागाला दोन्ही कडेच्या दोऱ्यांना लागून खराट्याची एकेक काडी चिकटवा. वळसा काडीसकट घ्यायचा, शेवटी काडी उपसून काढायची.

भरायला शिंप्याकडच्या सुती चिंध्या किंवा जुन्या साडीच्या बोटभर पट्ट्या. जाड भरलं की एका तासात चार बोटं काम दिसतं. बारीक लोकर दिलीत तर दुसऱ्या तासाला निम्मी मुलं खिडकीबाहेर बघतील. सुईऐवजी आइसक्रीमची काडी, पट्टीचं टोक तिला चिकटवून टाका.

सोलापुरी
खाचा विषम ठेवा हं, नाहीतर दुसऱ्या ओळीत गडबड होते.

नागमोडी
नाही हो, ते गोल मागाला. सपाट मागावर शेवटच्या दोऱ्याला वळसा घालून परत फिरलं की वर-खाली उलटं होतंच, दोरे कितीही असोत. गोल पुठ्ठ्यावर धागा परत फिरतच नाही, म्हणून आरे, म्हणजे मधून कडेला ताणलेले दोरे, विषम लागतात. सम असले तर प्रत्येक फेरीत धागा त्याच आऱ्यांवरून जातो आणि वीण धरत नाही. ताई, हे मुलांना आधी सांगू नका. एका गटाला 15 आऱ्यांचा आणि दुसऱ्याला 16 आऱ्यांचा गोल द्या. दुसरा गट आपणच ओरडत येईल.

सोलापुरी
पटलं. घरात यंत्रमाग असून हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

जुनापंतोजी
टकळीबद्दल. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत नई तालीमची, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षणाची, गांधीजींची कल्पना पुढे आली, त्यात सूतकताईला मोठं स्थान होतं. आमच्या शाळेत पुढे कैक वर्षं टकळीचा तास होता. पण तिसरीच्या मुलाचा धागा सारखा तुटतो आणि मूल रडकुंडीला येतं. घ्यायचीच तर जोडीने घ्या, एकाने टकळी फिरवायची, दुसऱ्याने पेळू (पिंजलेल्या कापसाची वळी) ओढायचा. पेळू खादी भांडारात विचारा. आणि ते सूत मागावर उभं लावू नका, टिकणार नाही. आडवं चालेल.

कातरकाम
माणसारख्या मेंढरांच्या मुलखात राहून लोकर बाजारातून? मेंढरं कातरतात तेव्हा धनगरांच्या वाड्यावर विचारा, पिशवीभर सहज मिळेल. आधी धुऊन वाळवा. कुसळं वेचायला मुलांना बसवा, आवडीने करतात. घोंगडी विणणारं सनगरांचं घर जवळपास असेल तर तिथल्या आजींना वर्गात बोलवा. उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ कशी लावतात ते मुलांना त्यांच्या हातूनच बघू दे. मात्र त्यांना मानधन द्या, चहावर बोळवण नको.

आणखी एक. स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनासाठी बाईच रात्री बसून पट्ट्या सरळ करतात, असं खूप शाळांत चालतं. तुम्ही करू नका. वाकडी तर वाकडी लावा, खाली मुलाचं नाव घाला.

खडूफळा
सगळ्यांचे आभार! टकळी सध्या राहू दे. आजींचं मनावर घेतलंय, मानधनासाठी शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढते. एकच शंका: पुठ्ठ्यावरून काढताना सगळं उसवतं, त्याला काय करायचं?

नागमोडी
वर-खाली बोटभर जागा न विणता सोडा. मागच्या बाजूने दोरे मधोमध कापायचे, पण एकदम सगळे नाही. शेजारचे दोन कापले की त्यांची वरची टोकं एकमेकांना विणीला टेकवून गाठायची, तशीच खालची, मग पुढचे दोन. गाठ मारायला शेजारच्याने पुठ्ठा धरून ठेवायचा. उरलेल्या टोकांची झालर होते, ती मुलांना भलती आवडते, कापू देत नाहीत.