सिंगापूर: राहायला जातोय, रोजचं खाणं-फिरणं सुचवा

पुणे_ते_बेडोक

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे पुढच्या महिन्यात पुण्याहून सिंगापूरला बिऱ्हाड हलवतोय. भाड्याचं घर बेडोकला ठरलंय. मुलगी नऊ वर्षांची आहे. दिवाळीनंतर सासूबाई दोन महिने राहायला येतील. त्या पक्क्या शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही. मी मूळची मालवणची, मासळीशिवाय माझा आठवडा सरत नाही.

पर्यटक म्हणून आधी जाऊन आलोय, त्यामुळे सेंटोसा, मरीना बे वगैरे नको. तिथे राहणारी माणसं कुठे जेवतात, सुट्टीला कुठे जातात ते सांगा. दर शनिवार-रविवार मॉल आणि भारतीय हॉटेल यातच जाऊ नये, एवढीच इच्छा आहे.

कोपी_ओ

ताई, पहिल्याच आठवड्यात घराजवळच्या हॉकर सेंटरशी, म्हणजे खाण्याच्या छोट्या गाळ्यांच्या मंडईशी, ओळख करून घ्या. बेडोकचं तर स्टेशनला लागूनच आहे. पूर्वी हे सगळे विक्रेते रस्त्यावर गाड्या लावायचे. सरकारने १९७० आणि ८०च्या दशकात त्यांना नळ, वीज, सांडपाण्याची सोय असलेल्या जागी आणून बसवलं. २०२०मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं. पण मी ते वारसा म्हणून सांगत नाहीये. इथली नोकरदार कुटुंबं खरोखरच रोज तिथे जेवतात. साधारण ५-६ डॉलरला पोटभर होतं आणि शेजारी कोण राहतं तेही तिथेच कळतं.

हॉटेलात गेलात तर मेनूवर किमतीपुढे अधिकची दोन चिन्हं आहेत का बघा. म्हणजे १० टक्के सेवाशुल्क आणि त्या सगळ्यावर ९ टक्के जीएसटी. शंभराचं बिल ११९.९० होतं. वेगळी टीप द्यायची पद्धत नाही.

हॉकर सेंटरचे रिवाज पटकन अंगवळणी पडतात. टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं की ती जागा कुणीतरी धरलेली असते, तिथे बसू नका. तुम्हीही तसंच पाकीट ठेवून रांगेत उभ्या राहा. जेवण झालं की ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा. २०२१पासून हे सक्तीचं आहे, न ठेवल्यास दंड होऊ शकतो. ट्रेच्या मांडण्याही दोन असतात, हलाल आणि बिगरहलाल. ते मात्र नीट बघून ठेवा, समोरच्याच्या श्रद्धेचा प्रश्न असतो. विक्रेत्यांना 'अंकल', 'आंटी' म्हणायचं, सगळे तसंच म्हणतात.

सासूबाईंसाठी: बऱ्याच हॉकर सेंटरांत बौद्ध शाकाहारी जेवणाचा एखादा तरी गाळा असतो. तिथे सहसा कांदा-लसूणही नसतो. सकाळी तांदळाच्या शेवयांचा 'व्हेजिटेरियन बी हून' मिळतो, तो आमच्या आईला फार आवडला. मात्र त्यावर सोया-ग्लूटेनचे, हुबेहूब मांसासारखे दिसणारे तुकडे घालतात. ते नको असतील तर बोट दाखवून फक्त भाज्या आणि टोफू घ्या. अंड्याचं तेवढं विचारून घ्या. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या प्रतिपदा-पौर्णिमेच्या आसपास, तिथे मोठी रांग लागते, कारण त्या दिवशी बरेच चिनी लोक शाकाहार पाळतात.

इतर गाळ्यांवर नुसतं 'नो मीट' म्हणून भागत नाही. सांबल नावाच्या मिरचीच्या चटणीत कोळंबीचं खारवलेलं वाटण असतं, नूडल्सना डुकराची चरबी लावलेली असू शकते. 'नो फिश, नो प्रॉन, नो लार्ड, नो एग' असं एकेक मोजून सांगा.

चहा-कॉफीचं तेवढं पाठ करा. नुसती 'कोपी' मागितली की कंडेन्स्ड दुधाची गोड कॉफी येते. 'कोपी ओ' म्हणजे साखरेची काळी, 'कोसोंग' म्हटलं की बिनसाखरेची. आल्याचा चहा हवा असेल तर 'तेह हालिया'.

निवटी

खाण्याचं वर आलंच आहे, मी फिरण्याचं सांगते. मुलगी नऊ वर्षांची आहे ना? मग पुलाउ उबिन हे बेट सोडू नका. चांगी पॉइंटच्या धक्क्यावरून छोटी लाकडी होडी सुटते. वेळापत्रक नाही, बारा माणसं जमली की निघते. रोख पैसे जवळ ठेवा. दहा-एक मिनिटांत बेटावर पोचता. तिथे भाड्याने सायकली मिळतात. सायकलने चेक जावा या चिखलाळ किनाऱ्यापर्यंत जा, शेवटी चढ आहे, मुलीला उतरून सायकल ढकलावी लागेल. भरती-ओहोटीची वेळ बघून ओहोटीलाच पोचा. लाकडी वाटेवरून खाली चिखलात एक नांगी भली मोठी असलेले खेकडे दिसतात, ती नांगी ते हात हलवल्यासारखी वर-खाली करत असतात. आणि निवट्या! अगदी आपल्या खाडीतल्यासारख्या, पुढच्या परांवर सरकत चिखलातून उड्या मारणाऱ्या मासोळ्या. तुम्ही मालवणच्या, तुम्हाला नव्याने सांगायला नकोच. रानडुकरं आणि माकडं आहेत, खाऊची पिशवी उघडी हातात धरू नका.

सासूबाईंना बोटॅनिक गार्डन. पहाटे पाचला उघडतं, प्रवेश फुकट, फक्त ऑर्किड गार्डनला तिकीट. ऊन चढायच्या आत जा. पाच डॉलरच्या नोटेवरचं तेंबुसूचं झाड तिथलंच आहे, नोट हातात धरून त्यांना दाखवा. तळ्यातल्या मंचावर अधूनमधून संध्याकाळी मोफत वाद्यवृंद असतो, चटई घेऊन जायचं. नोव्हेंबरात एस्प्लनेड या नाट्यगृहात 'कला उत्सवम' हा भारतीय कलांचा महोत्सव होतो. त्यातले बरेच कार्यक्रम मोफत असतात. सासूबाई तेव्हा इथे असतील तर नक्की न्या.

सेरंगून_रोड

वरच्या दोघांशी सहमत, पण भारतीय हॉटेलांवर फुली मारू नका. आठवडाभर सगळं अनोळखी चाखल्यावर म्हाताऱ्या माणसाला साधा गरम भात-सांबार लागतो, आणि तो मिळाला की चेहराच बदलतो. लिटल इंडियातलं कोमला विलास १९४७पासून आहे, पूर्ण शाकाहारी. तिथे न्या. फक्त रविवारी संध्याकाळी नको. बांधकामावरच्या हजारो मजुरांची ती आठवड्यातली एकच सुट्टी. मित्र भेटतात, घरी पैसे पाठवतात, फुटपाथवर बसून गप्पा मारतात. ती जागा त्या वेळी त्यांना मोकळी असू द्यावी, असं मला मनापासून वाटतं. आपल्याला इतर सहा दिवस आहेत.

आणि महाराष्ट्र मंडळाचे सभासद जरूर व्हा. मुलीला मराठी बोलणारी मुलं भेटतील.

पुणे_ते_बेडोक

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! निवट्यांचं वाचून तर आत्ताच बॅग भरावीशी वाटतेय. आता एकच राहिलं. ताजी मासळी कुठे घ्यायची? सुपरमार्केटमधली प्लास्टिकात गुंडाळलेली नको.

निवटी

लिटल इंडियात टेक्का सेंटरचा बाजार मोठा आहे. मासळी, मटण, शेवग्याच्या शेंगा, समोर खवून दिलेलं ओलं खोबरं, सगळं एका छताखाली. पण तुम्हाला गेलांग सराई जवळ पडेल. बेडोकहून तिसरं स्टेशन, पाया लेबार, तिथून थोडं चालायचं. मलाय वस्तीचा बाजार आहे, त्यामुळे खोबरं, हळदीची पानं, चिंच सगळं मिळतं. बांगडा 'केम्बोंग' म्हणून मागा, सुरमई 'तेंगिरी'. कोकम आणि तिरफळं मात्र घरूनच आणा. सोमवारी मासळीचे बरेच गाळे बंद असतात. इतर दिवशी सकाळी नऊच्या आत पोचा. साफ करून, तुकडे करून देतात, पण कालवणासाठी डोकं हवं असेल तर सुरी लावायच्या आधीच सांगा.