लेक लातूरला अकरावीला आहे, फोनवर बोलेनाशी झालीय

औसा_शेतकरी
माझी लेक दहावीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत होती, ९३ टक्के पडले. आता लातूरला अकरावी सायन्स अन् नीटचा, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा क्लास. तिघी मिळून रूम केलीय, मेसचा डबा येतो. दर रविवारी टेस्ट, अन् संध्याकाळी सगळ्यांची रँक पालकांच्या ग्रुपवर येते. तिचं नाव पार तळाला. फिजिक्सला तर उणे मार्क! पूर्वी फोनवर म्हशीपासून आजीपर्यंत सगळ्यांची चौकशी करायची. आता "हो", "जेवले", "ठेवू का". दिवाळीला तिच्या आईनं केस विंचरले तर फणी भरून केस आले. फीसाठी मिळेल त्या भावात सोयाबीन विकलं, हे तिला ठाऊक आहे. लेकरू आळशी नाही. नेमकं कशानं होतंय हे?

अंबाजोगाई_एमबीबीएस
काका, मीही जिल्हा परिषदेच्या शाळेतलाच. सर फळ्यावर शिकवायचे ते कळायचं, पण इंग्रजीतला प्रश्न वाचून काय विचारलंय तेच लवकर उमगायचं नाही. तोवर शेजारचा पुढच्या प्रश्नावर गेलेला असायचा.

उणे मार्कांवरून ती कच्ची आहे असं ठरवू नका. नीटला १८० मिनिटांत १८० प्रश्न. बरोबर आलं तर ४, चुकलं तर १ वजा, सोडून दिलं तर काहीच जात नाही. मागं पडू या भीतीनं पोरं फिजिक्सचे ४५ च्या ४५ गोळे काळे करतात. रँक राहू द्या, किती प्रश्न अंदाजानं सोडवले ते तिच्याजवळ बसून बघा. बायोलॉजीचे ९० प्रश्न, ३६० मार्क, म्हणजे निम्मा पेपर. तिथं तिचं कसं आहे?

अजून एक. फॉर्म भरताना मराठी निवडली तर पेपरात मराठी अन् इंग्रजी दोन्ही असतं. आमच्या गावाकडं हे फार जणांना माहीत नसतं.

नांदेडची_आई
भाऊ, रविवारी संध्याकाळी "किती पडले?" म्हणून फोन करू नका. त्या वेळी ती लिस्ट बघून बसलेली असते. सोमवारी करा, अन् म्हशीचं तुम्हीच सांगा. माझ्या मुलाला मार्कांपेक्षा आमच्या कर्जाचंच दडपण जास्त होतं. तिच्यासमोर सोयाबीनचा भाव काढूच नका.

केस गळतायत तर डॉक्टरला दाखवा, रक्त तपासून घ्या. झोप उडाली असेल, जीव नकोसा झाल्याचं बोलली तर मात्र एक दिवसही थांबू नका, तिला एकटं ठेवू नका. १४४१६ हा टेली-मानसचा, मनाच्या त्रासावर बोलायचा सरकारी नंबर आहे, फुकट, रात्रंदिवस. मराठीत बोलता येतं.

औसा_शेतकरी
ताई, शनिवारी मुक्कामालाच जातो, तिच्या आईला घेऊन. दादा, पेपर दोन्ही भाषेत असतो हे खरंच माहीत नव्हतं. पण क्लास सगळा इंग्रजीतच आहे, तर आत्तापासून मराठी पुस्तक शेजारी ठेवून वाचावं का तिनं?

अंबाजोगाई_एमबीबीएस
हो काका, फिजिक्सपुरतं ठेवा. बायोलॉजी इंग्रजीतूनच वाचू द्या.