प्रतिसाद: कलू दे की बुरूज

'नापास झालं की मूल खचतं, म्हणून परीक्षाच नको' असं वर एका ताईंनी लिहिलंय. खचतं खरं, पण नापास झाल्यानं, की नंतर घरात जे सुरू होतं त्यानं? शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार पाचवी-आठवीत नापास झालेल्याला निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षा देता येते. त्या काळात पेपर घेऊन पोराशेजारी बसतं कोण? अपूर्णांकांच्या बेरजेत त्यानं छेदही एकमेकांत मिळवलेत, हे बघायला दहा मिनिटं पुरतात. आमच्या साताऱ्यात मात्र थेट नवा क्लास लावतात!

प्रोजेक्टचंही तेच. पुठ्ठ्याचा अजिंक्यतारा आईच रिक्षातून आणते. तटबंदी इतकी सफाईनं कापलेली की बाईंनाही कळतं कुणाचा हात आहे. पोरानं केला असता तर बुरूज कलला असता. कलू दे की.

आपल्याच जिल्ह्यातले, गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मातीतला पैलवान, मॅटची सवय नव्हती. १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं.

पहिली-दुसरीतल्या पोरांवर मात्र नापासाचा शिक्का नकोच, तिथं ताईंशी सहमत.