मदत हवी आहे: बाबांच्या दोन्ही कानांतला तोल गेलाय, चालताना समोरचं सगळं हलतं

नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो, कापूस-तुरीची शेती आहे. मागच्या पावसाळ्यात बाबांच्या लघवीचा संसर्ग रक्तात पसरला तेव्हा जेन्टामायसिन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं द्यावी लागली. जीव वाचला, पण खाटेवरून उठले तेव्हापासून तोल राहिलेला नाही. ऐकू नीट येतं, म्हणून कानाकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.

गरगरत अजिबात नाही. एसटी स्टँडवर म्हणाले, "चाललो का पाटीवरची अक्षरं नाचतेत, थांबलो का थांबतेत." कानाच्या डॉक्टरांनी स्वतःच्या नाकाकडे बघायला लावून बाबांचं डोकं झटकन वळवलं. नजर डोक्याबरोबर सरकायची आणि मग उडी मारून नाकावर परत यायची, दोन्ही बाजूंना तसंच. आंतरकर्णातल्या (कानाच्या आतल्या भागातल्या) तोलाच्या पेशी त्या इंजेक्शनांनी गेल्या, त्या पुन्हा येत नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. डोकं हललं की डोळे तेवढेच उलट फिरवायचं काम तिथून होतं. आता सगळी भिस्त डोळ्यांवर आणि तळपायांवर. तोंडाला साबण लावताना डोळे मिटले तरी भिंत धरावी लागते.

आमची खरी अडचण रात्रीच्या ओलिताची. शेतातली लाईन रात्री येते, आणि अंधारात ओल्या धुऱ्यावर (बांधावर) डोळे आणि पाय दोन्ही फसतात. बाबा ऐकत नाहीत, मोटर सुरू करायला निघतातच. विहिरीत पोहणं मात्र मी हट्टाने बंद केलंय, कारण पाण्याखाली वर कुठे नि खाली कुठे हेच कळणार नाही.

चक्करच्या गोळ्या डॉक्टरांनी थांबवल्या. त्याने मेंदूचं जुळवून घेणं मंदावतं म्हणे. भिंतीवर एक अक्षर चिकटवून, नजर त्यावर ठेवून मान डावी-उजवी हलवायचा व्यायाम दिलाय. बाबा दोन मिनिटांत मळमळतं म्हणून सोडून देतात. मळमळ होईपर्यंत करायचं की त्याआधी थांबायचं? वेग कसा वाढवायचा?

सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरला असे व्यायाम समोर बसून शिकवणारं कोणी आहे का? डोकं झटकन वळवताना डोळ्यांची हालचाल कॅमेऱ्याने टिपायची तपासणी तिथे होते का? आणि ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी कृपया सांगा, रात्री शेतात काठी बरी पडते की डोक्याला बांधायची बॅटरी? डोकंच हललं तर तो उजेडही हलेल, अशी मला भीती वाटते.