गाडी गरम झाली की मध्येच बंद पडते, गार झाली की आपोआप सुरू

मुलुंडकर
नमस्कार मंडळी. २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, सीएनजी किट बाहेरून बसवलंय. थंड गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते. मुलुंडहून परळला जाताना हायवेवर छान पळते, पण सायनच्या पुढे ट्रॅफिकमध्ये रखडलो की कधीतरी अचानक बंद. झटके नाहीत, काही नाही, दिवा घालवावा तसं इंजिन जातं. मग सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी पकडत नाही. बॉनेट उघडून वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की सुरू. टेंपरेचरचा काटा मध्यावरच असतो. मधे आठवडाभर नीटही चालते.

गॅरेजवाल्याने प्लग बदलले, आता पेट्रोल पंप बदला म्हणतोय. परवा हिंदमाताच्या पुलावर बंद पडली. मागे बेस्टची बस, शेजारी आई. तिला तपासणीला केईएमला न्यावं लागतं, म्हणून जीवाला घोर लागलाय. सुरुवात कुठून करू?

परळचा वायरमन
दादा, पंपाला हात लावू नका. आधी सांगा, पेट्रोलवर बंद पडते की गॅसवर? गॅसवर धावताना पेट्रोल पंपाचा काही संबंध नसतो. दोन्हीवर पडत असेल तर दोन्हीला सामाईक काय ते शोधायचं.

मुलुंडकर
दोन्हीवर. हिंदमाताला गॅसवरच होती.

परळचा वायरमन
मग माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर. क्रँक म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा; हा सेन्सर त्याच्याबरोबर फिरणाऱ्या चाकाचे दात मोजतो. स्पार्क कधी द्यायचा, इंजेक्टर कधी उघडायचा, हे ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, त्याच्याकडूनच कळतं. बऱ्याच गाड्यांत त्याच्या आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. वर्षानुवर्षं तापून-गार होऊन तार कुठेतरी तुटते. गरम झाली की टोकं सुटतात, गार झाली की पुन्हा टेकतात. म्हणून गॅरेजमध्ये पोचेपर्यंत गाडी ठणठणीत झालेली असते, आणि मेकॅनिक अंदाजाने पार्ट बदलत बसतो. गिऱ्हाईकाचे पैसे असे गेले की मला खरंच वाईट वाटतं.

गाडी बंद असतानाच पकडायचं. हॅझर्ड लावा, कडेला घ्या आणि गार व्हायच्या आत सेल्फ मारून आरपीएमचा काटा बघा. थोडा उचलला तर सेन्सर बोलतोय. शून्यावर चिकटून राहिला तर संशय बळावला. काही गाड्यांत सेल्फ मारताना काटा मुळातच हलत नाही, म्हणून थंड गाडीत काय होतं ते आधी बघून ठेवा. ब्लूटूथचा छोटा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) असेल तर उत्तमच, मोबाइलवर आरपीएम दिसतो. पी ०३३५ हा क्रँक सेन्सरच्या बिघाडाचा कोड आला तर रोख तिकडेच. कोड नाही आला म्हणून सेन्सरला सोडू नका, दर वेळी नोंद होतेच असं नाही.

घाटकोपरची ताई
माझ्या गाडीची लक्षणं अगदी हीच होती, पण निघाला मेन रिले, म्हणजे ईसीयूला करंट देणारा स्विच. फ्यूज बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून बघा, फुकटात होतं. आणि गॅसवाले पेट्रोल कायम रिझर्व्हला ठेवतात, ते नको. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो म्हणून गार राहतो.

परळचा वायरमन
ताईंचं बरोबर आहे. त्यातला फरक असा ओळखा: बंद पडल्यावर चावी ऑन करा. चेक इंजिनचा दिवा पेटलाच नाही तर ईसीयूलाच सप्लाय नाही, म्हणजे रिले, फ्यूज किंवा वायरिंग. दिवा पेटतोय पण सेल्फ मारताना आरपीएमचा काटा मेलाय, तर सेन्सर किंवा त्याची वायर.

मुलुंडकर
काल सायन सर्कलच्या अलीकडे पुन्हा बंद पडली. दिवा पेटत होता, काटा शून्यावर. थंड असताना तो हलतो, हे आधीच बघून ठेवलं होतं. सेन्सर वरून हाताला लागतो, त्यावर गार पाण्यात भिजवलेलं फडकं धरलं आणि दोन-तीन मिनिटांत गाडी सुरू! आता सेन्सरच बदलू ना?

परळचा वायरमन
बदला, पण कनेक्टर काढून आतल्या पिना हिरव्या पडल्यात का ते बघा, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत हे फार होतं. सायलेन्सरच्या बाजूने जाणारी वायर कडक होऊन तडकली असेल तर नवा सेन्सरही तसाच वागेल. पार्ट जुन्याचा नंबर जुळवून ओरिजिनलच घ्या. बसवताना जागा पुसून घ्या, खाली कचरा राहिला तर दातांपासूनचं अंतर बिघडतं. आणि आईंना बसवण्याआधी भर दुपारी सायन ते परळ ट्रॅफिकमधून, एसी लावून, एकदा गॅसवर आणि एकदा पेट्रोलवर फिरवून आणा.